चार खांदे पालिकेचे

माणूस गेला की खांदा द्यायला चार जण लागतात, असं आपल्याकडे म्हणतात. पण ज्याच्या पाठी चार सोडा, एकही माणूस उभा नाही, त्याला शेवटचं कोण पोचवतं? बंगळुरूसारख्या महानगरात हे काम पालिकेच्या माथी येतं. तिथं ते कसं पार पडतं... आणि कधी कधी अर्ध्यावरच कसं राहतं?

२ जून २०२१. बुधवार. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात, मळवळ्ळी तालुक्यातल्या बेळकवाडी या गावाजवळ कावेरीच्या काठावर पोलीस, अधिकारी, पुरोहित आणि वार्ताहर जमले होते. मधोमध होते राज्याचे तेव्हाचे महसूलमंत्री आर. अशोक. समोर अस्थी. एकाच्या नव्हेत, दोघांच्या नव्हेत, साडेपाचशेहून अधिक माणसांच्या! बंगळुरूच्या स्मशानांतून शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून त्या इथं आणल्या होत्या. मंत्र म्हटले गेले, पूजा झाली आणि मंत्रिमहोदयांनी त्या कावेरीत सोडल्या. जे काम मुलानं, भावानं, पुतण्यानं, निदान शेजाऱ्यानं करायचं, ते त्या दिवशी सरकारनं केलं.

ही सगळी माणसं कोविडच्या दुसऱ्या लाटेत बंगळुरूत गेली होती. त्यांचं दहन झालं होतं, पण अस्थी न्यायला कुणी फिरकलंच नव्हतं.

आपल्या घरात असा प्रसंग आला की काय होतं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. अग्नी दिला की तिसऱ्या दिवशी पहाटे घरातले दोघं-तिघं स्मशानात जातात. राख बाजूला सारून अस्थी वेचतात. मडक्यात ठेवतात, वर फडकं बांधतात. नाशिकला न्यायच्या, पंढरपूरला की वाईला, यावर घरात चर्चा होते. दहाव्याला पिंड ठेवायचा आणि कावळा शिवेपर्यंत ताटकळत बसायचं. न शिवला तर ‘त्यांची कसली इच्छा राहिली असेल’ म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचं. गेलेल्या माणसाला निरोप द्यायला इतके दिवस लागतात, आणि ते दिवस राहिलेल्यांसाठीच असतात. मग साडेपाचशे घरांना हे सगळं सोडून द्यावंसं का वाटलं?

‘माणुसकी उरली नाही’ असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण त्या वेळी जी कारणं पुढं आली, ती ऐकली की घाईनं कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. काही घरांत सगळेच्या सगळे आजारी होते. नवरा स्मशानात, बायको रुग्णालयात, मुलगा विलगीकरणात. अस्थी आणायला जाणार कोण? काहींना राखेतूनही रोग येईल अशी भीती वाटत होती. काही जण परगावचे, टाळेबंदीत अडकलेले. आणि काहींकडे पुढच्या क्रियाकर्मासाठी पैसेच उरले नव्हते. आजारपणानंच घर धुऊन नेलं होतं.

बंगळुरूचे ते दिवस आठवून पाहावेत. एप्रिल आणि मे २०२१. सुमनहळ्ळी, मेडी अग्रहार, पणत्तूर, कूडलू इथल्या विद्युतदाहिन्यांबाहेर रुग्णवाहिकांच्या रांगा लागल्या होत्या. शहरापासून दूर, तावरेकेरे भागातल्या गिड्डेनहळ्ळीला दगडाच्या एका जुन्या खाणीत उघड्यावर चिता रचाव्या लागल्या. शहराच्या आसपासची सुमारे २३० एकर जमीन अंत्यसंस्कारांसाठी राखून ठेवत असल्याचं सरकारनं जाहीर केलं. ज्यांची स्वतःची शेती आहे, त्यांना तिथंच दहन-दफन करण्याची परवानगी मिळाली. मे महिन्याच्या सुरुवातीला चामराजपेठेतल्या स्मशानाच्या दारावर तर ‘हाउसफुल’ची पाटी लागली. सिनेमाच्या थिएटरवर शोभणारी पाटी स्मशानावर! त्या पाटीचं छायाचित्र देशभर फिरलं. तिथं दाहिनीपाशी राबणाऱ्या माणसांना दुसरा शब्द सुचला नसेल, इतकंच.

अशा गर्दीत दहन उरकत होतं, हेच पुष्कळ. राखेची पिशवी कुणाची, ती कुणाला द्यायची, हा हिशेब ठेवणारे कर्मचारीही माणसंच होती. दिवस उलटत गेले तशी न नेलेल्या अस्थींची रास वाढत गेली. आणखी किती थांबायचं? अखेर त्या सरकारनंच विसर्जित करायच्या, असं ठरलं.

बंगळुरूला मोठी नदी नाही. इथले लोक एरवी अस्थी घेऊन श्रीरंगपट्टणला जातात. तिथं कावेरीचा एक फाटा पश्चिमेकडे वळतो, त्या ‘पश्चिमवाहिनी’ला मोठं पुण्य मानतात. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भागही तिथं विसर्जित झाला होता. बेळकवाडीचं मात्र वेगळंच नातं आहे. याच मळवळ्ळी तालुक्यात तोरेकाडनहळ्ळीला बंगळुरूच्या पाणीपुरवठ्याचं मोठं केंद्र आहे. तिथून कावेरीचं पाणी उपसून, पंपांनी चढवत थेट राजधानीच्या नळांत येतं. ज्या नदीचं पाणी ही साडेपाचशे माणसं रोज प्यायली, तिच्याच काठी त्यांना आणलं गेलं.

बेवारस कोण?

कोविडच्या या मृतांची नावं, पत्ते, वयं बहुतेक सगळी नोंदलेली होती. फक्त न्यायला कुणी आलं नाही. एरवी, साथ नसताना, पालिकेकडे जे मृतदेह येतात त्यांची गोष्ट उलटी असते. माणूस समोर असतो, पण त्याचं नावच कुणाला ठाऊक नसतं.

आपण मराठीत अशा मृतदेहाला ‘बेवारस’ म्हणतो. वारस नसलेला. साधा, कोरडा, कचेरीतला शब्द. तोच शब्द कन्नडमध्ये ‘बेवर्सी’ होऊन पोचला आणि तिथं चक्क शिवी झाला! बंगळुरूत रागावलेला रिक्षावाला दुसऱ्याला ‘बेवर्सी’ म्हणतो तेव्हा त्याला अस्सल अपमान करायचा असतो. ज्याचं कुणी नाही असं म्हणण्याइतका मोठा अपमान नाही, हे त्या भाषेनं बरोबर ओळखलं आहे. मृतदेहासाठी मात्र कन्नड वर्तमानपत्रं आणि पोलीस ‘अनाथ शव’ असा शब्द वापरतात. आणि स्मशानाला तिथं म्हणतात ‘रुद्रभूमी’.

बंगळुरू हे पोटासाठी येणाऱ्यांचं शहर. उत्तर कर्नाटकातून, आंध्रातून, तामिळनाडूतून, बिहार-ओडिशातून माणसं येतात. इमारती बांधतात, हॉटेलात भांडी घासतात, बाजारात हमाली करतात. रात्री झोपायला फूटपाथ किंवा अर्धवट बांधलेली इमारत. त्यातच घर सोडून आलेले म्हातारे असतात, स्मृती गेलेल्या बाया असतात, दारूपायी घराला पारखे झालेले पुरुष असतात. यांच्यातला एखादा सकाळी उठत नाही, किंवा रुळांच्या कडेला सापडतो. खिशात विडीचं बंडल, चार नाणी. बस्स.

मग यंत्रणा हलू लागते. पोलीस ठाण्यात अनैसर्गिक मृत्यूची नोंद होते. महाराष्ट्रात आपण ज्याला पंचनामा म्हणतो, त्याला कर्नाटकात ‘महजर’ म्हणतात. तो केला जातो. मृतदेह सरकारी रुग्णालयाच्या शवागारात जातो. शवविच्छेदन होतं. आणि सुरू होते ओळखीची शोधाशोध. हातावर गोंदलेलं नाव, जुन्या जखमेचा व्रण, कमरेचा करगोटा, दातांची ठेवण, सदऱ्याच्या कॉलरला आत शिवलेली शिंप्याच्या दुकानाची चिठ्ठी... एखाद्या वेळी त्या इंचभर चिठ्ठीवरून गाव सापडतं, गावावरून घर सापडतं आणि रडत ओरडत माणसं येतात. अशा वेळी पोलिसांनाही सुटल्यासारखं होतं.

पण बहुतेकदा काही सापडत नाही. छायाचित्रं इतर ठाण्यांना जातात, हरवलेल्यांच्या यादीशी ताडून पाहिली जातात, वर्तमानपत्रात कोपऱ्यात दोन ओळी येतात: ‘वय अंदाजे ५०, रंग सावळा, अंगात चौकड्यांचा शर्ट.’ आपण ती जाहिरात वाचत नाही, पान उलटतो. ठरावीक दिवस गेले की पोलिसांचं पत्र निघतं आणि मृतदेह अंत्यविधीसाठी पालिकेच्या किंवा हे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या ताब्यात दिला जातो.

काही मृतदेहांची वाट निराळी असते. बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयाला शरीररचनेच्या अभ्यासासाठी देण्याची तरतूद कायद्यात आहे. आपल्याकडे त्यासाठी १९४९चा मुंबई अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट, कर्नाटकात १९५७चा. देशातल्या कितीतरी डॉक्टरांनी हृदय पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एखाद्या अनामिकाचं. आता बऱ्याच महाविद्यालयांत पहिल्या दिवशी विद्यार्थी त्या देहापुढं उभे राहून आदराची शपथ घेतात.

बाकीच्यांचं सहसा दफन होतं, दहन नाही. वाचकांना याचं आश्चर्य वाटेल. कारण अगदी व्यवहारी आहे. उद्या कुणी नातेवाईक शोधत आला, किंवा मृत्यू घातपाताचा निघाला, तर देह पुन्हा पाहता यावा. शिवाय मृताचा धर्म कोणता, हेही पुष्कळदा कुणाला सांगता येत नाही. चितेची राख झाली की सगळ्याच वाटा बंद होतात. मातीत निदान एक क्रमांक उरतो.

अंत्यविधीसाठी जागा पुरवणं आणि तिची व्यवस्था पाहणं हे पालिकेचं कर्तव्यच मानलेलं आहे. बंगळुरूत हे काम तेव्हाच्या बृहत् बेंगळुरू महानगर पालिकेकडे होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आणि त्याखाली पाच पालिका आल्या. पण फाइल कुणाच्या टेबलावर, याच्याशी मेलेल्या माणसाला काय देणंघेणं? त्याला खड्डा खणणारे हात लागतात.

घोडागाडी आणि सायकलचं दुकान

आणि ते हात नेहमीच सरकारी नसतात. बंगळुरूत अनेक वर्षं हे काम महादेव नावाच्या एका गृहस्थानं केलं. लहानपणी आजारी आईबरोबर तो या शहरात आला. सरकारी रुग्णालयात आई वारली आणि पोरगा तिथंच, त्या आवारातच वाढला. पुढं बेवारस मृतदेह घोडागाडीतून स्मशानात नेऊन पुरणं हेच त्याचं आयुष्य झालं. कोविडच्या काळात ‘मर्सी एंजल्स’ या गटाचे स्वयंसेवक अंगावर पीपीई किट चढवून, मृताचा धर्म कोणता हे न पाहता, ज्याचा जसा विधी तसा करून देत होते.

देशात असं काम करणाऱ्यांतलं सर्वांत ठळक नाव म्हणजे अयोध्येचे मोहम्मद शरीफ. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा साधा माणूस. १९९२ साली त्यांचा तरुण मुलगा सुलतानपूरला गेला तो परतलाच नाही. त्याचा खून झाला होता, आणि बाप पोचायच्या आत मृतदेहाची विल्हेवाट लागली होती. मुलगा बेवारस गेला! तेव्हापासून त्या जिल्ह्यातला एकही मृतदेह बेवारस जाऊ द्यायचा नाही, असं शरीफचाचांनी ठरवलं. हिंदू असेल तर अग्नी, मुसलमान असेल तर कबर. हजारो माणसांना त्यांनी असं पोचवलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

इंग्लंडमध्ये याची तरतूद कायद्यातच आहे. तिथल्या १९८४च्या एका आरोग्यविषयक कायद्यानं, ज्याचा अंत्यविधी करायला कुणी नाही त्याचा तो करण्याची सक्ती स्थानिक पालिकेवर केली आहे. शवपेटी, वाहन, दफन किंवा दहन, सगळं पालिकेकडे. मृतानं मागं काही पैसे ठेवले असतील, तर त्यातून खर्च वसूल होतो. नेदरलँड्समधल्या अ‍ॅम्स्टरडॅमला २००२च्या सुमारास एक वेगळीच प्रथा पडली. ज्याच्या अंत्ययात्रेला कुणीच येणार नाही, त्याच्यासाठी एक कवी जातो. त्या माणसाबद्दल जी काही तुटपुंजी माहिती मिळेल तिच्यावरून कविता लिहितो आणि थडग्यापाशी वाचून दाखवतो. ऐकायला असतात ते कबर खणणारे आणि पालिकेचा कारकून. आपल्याकडच्या पद्धतीला हे मानवेल का, कोण जाणे. पण कारकुनानं जाग्यावर हजर राहायचं, एवढा भाग तरी उचलण्याजोगा आहे.

आपल्याकडे कायदा नसला तरी न्यायालयांनी बोलून ठेवलं आहे. माणसाची प्रतिष्ठा मरणानंतरही जपली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली म्हटलं. २००२ साली दिल्लीतल्या बेघर मृतांच्या प्रकरणात, फूटपाथवर मेलेल्यालाही त्याच्या धर्माप्रमाणे रीतसर अंत्यविधी मिळण्याचा हक्क आहे, हे मान्य केलं. तरीही जून २०२०च्या अखेरीस बळ्ळारीत काय झालं? कोविडनं गेलेल्यांचे देह किट घातलेले कर्मचारी एकाच खड्ड्यात टाकतानाची चित्रफीत बाहेर आली. जिल्हा प्रशासनाला माफी मागावी लागली. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं मृतांच्या हक्कांबद्दल एक सविस्तर सूचनापत्रच काढलं आणि त्यात यासाठी स्वतंत्र कायदा करण्याची शिफारस केली.

मागे राहिलेल्यांचं काय?

बेवारस मृतदेह म्हटलं की सगळ्यांची सहानुभूती गेलेल्याकडे जाते. पण कुठल्या तरी गावात त्याची बायको असते. तिचं कुंकू पुसायचं की ठेवायचं, हेच तिला कळत नाही. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून विमा नाही, विधवा म्हणून पेन्शन नाही, सातबाऱ्यावर मुलांचं नाव लागत नाही. माणूस सात वर्षं कुणाच्याही पाहण्या-ऐकण्यात नसेल, तर तो मेला असं कायदा गृहीत धरतो. पण तेही आपोआप होत नाही, न्यायालयात जावं लागतं. ती सात वर्षं ती बाई सवाष्ण म्हणून काढते. आणि तिचा नवरा शेकडो मैलांवर एका क्रमांकाखाली झोपलेला असतो.

म्हणूनच घरातलं कुणी हरवलं, तर ‘येईल चार दिवसांनी’ म्हणून बसून राहू नये. चोवीस तास थांबावं लागतं, हा गैरसमज आहे. पोलिसांत तक्रार लगेच देता येते. सोबत अलीकडचं छायाचित्र द्यावं आणि अंगावरच्या खुणा लिहून द्याव्यात. लोहमार्ग पोलिसांचं ठाणं वेगळं असतं, तिथंही जावं. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या शवागारात चौकशी करावी. जड जातं ते, पण करावं. विसराळू झालेल्या आई-वडिलांच्या खिशात, पिशवीत नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. परगावी कामाला जाणाऱ्या मुलानं फोन हरवला तर, म्हणून घरचा एक नंबर पाठ केलेला बरा. हल्ली तर आपल्याला स्वतःच्या बायकोचाही नंबर पाठ नसतो!

पुन्हा बंगळुरूकडे. बेळकवाडीच्या विसर्जनानं तिथली गोष्ट संपली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये, पितृपक्षात, आर. अशोक श्रीरंगपट्टणच्या गोसाई घाटावर गेले आणि ज्यांच्या अस्थी कुणी नेल्या नव्हत्या, त्यांच्यासाठी त्यांनी पिंडदान केलं. यावर टीकाही झाली. मंत्र्यांनी पिंड देण्याऐवजी रुग्णालयात खाटा आणि प्राणवायू दिला असता तर ही वेळच आली नसती, असं लोक म्हणाले. ते चूक नव्हतं. पण परंपरेतही अशा माणसांची सोय आहे. श्राद्धात स्वतःच्या पितरांचे पिंड झाल्यावर एक धर्मपिंड ठेवतात. ज्याला कुणी नाही, ज्याचं गोत्र माहीत नाही, त्याच्यासाठी. त्या घाटावर मंत्र्यांनी केलं ते याहून वेगळं नव्हतं.

दाहिनीपाशी उभे राहणारे तेव्हाही तिथंच होते. साथीत रात्रंदिवस राबलेल्या स्मशान कर्मचाऱ्यांची तक्रार जुनी होती: नोकरी कायम नाही, पगार वेळेवर नाही. जानेवारी २०२३ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्यांना न्याहारीला बोलावलं, नोकऱ्या कायम करण्याचं जाहीर केलं आणि यापुढं त्यांना ‘सत्य हरिश्चंद्र बळग’ म्हणायचं ठरवलं. बळग म्हणजे गोतावळा. डोंबाच्या घरी स्मशान राखणाऱ्या राजाच्या नावानं.

त्याआधी, नोव्हेंबर २०२१च्या अखेरीस, राजाजीनगरमधल्या एका रुग्णालयात एक गोष्ट घडली होती. तिथं नवं शवागार सुरू झाल्यापासून जुनं वापरात नव्हतं. साफसफाई करणाऱ्यांना त्याच्या शीतपेट्यांत दोन मृतदेह आढळले. एक स्त्री, एक पुरुष. दोघंही जुलै २०२० मध्ये, पहिल्या लाटेत, कोविडनं गेलेले. तेव्हाच्या नियमानुसार त्यांचे अंत्यसंस्कार पालिका करणार होती. पालिकेनं ते केलेही असतील, अशी घरच्यांची समजूत होती.

बेळकवाडीला अस्थी सोडल्या गेल्या, गोसाई घाटावर पिंड ठेवले गेले, त्या दोन्ही दिवशी हे दोघं त्या बंद खोलीत होते. पंधरा-सोळा महिने. पोलिसांनी महजर केला, आणि नातेवाइकांच्या दारावर पुन्हा एकदा थाप पडली.